फाइल कुठे आहे, हे विचारावं लागत नाही

जिनिव्हाजवळ जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल सीएमएस नावाचं १४,००० टन वजनाचं यंत्र बसवलेलं आहे. त्याच्या पोटात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात. अशा एका घटनेची नोंद साधारण एक मेगाबाइटची. सगळंच टिपायचं म्हटलं तर सेकंदाला ४० टेराबाइट साठवावे लागतील, आणि ते कोणालाच शक्य नाही. म्हणून पहिली चाळणी या ४ कोटींतल्या एखाद लाख घटना पुढे सोडते. दुसरी त्यांतल्या काहीशे ते काही हजार ठेवते. बाकीचं कायमचं जातं.

उरलेला माल ठेवायचा कुठे, हा प्रश्न यंत्र उभं राहण्याच्या आधीच पडला होता. सीएमएस ज्या सर्न या प्रयोगशाळेत आहे, तिच्या परिषदेनं सप्टेंबर २००१ मध्ये त्यासाठीच्या संगणन-प्रकल्पाला मंजुरी दिली. ठरलं असं, की सर्न स्वतःकडे कामाचा लहानसा वाटा ठेवेल आणि बाकी भार सहभागी देश आपापल्या गावी उचलतील. परक्या देशात संगणक विकत घेऊन देण्यापेक्षा आपल्या संस्थेत यंत्रं बसवून आपली माणसं तयार करायला कुठलंही सरकार लवकर राजी होतं. शिवाय एका इमारतीची वीज गेली म्हणून साऱ्या जगाचं काम अडत नाही.

त्यातून ‘टियर’ची उतरंड आली. टियर-शून्य म्हणजे सर्न. टियर-१ ही टेपवर कायमचा साठा सांभाळणारी मोजकी मोठी केंद्रं. टियर-२ म्हणजे विद्यापीठांतली आणि संशोधनसंस्थांतली दीडशेच्या आसपास केंद्रं. प्रत्यक्ष विश्लेषण आणि घटनांची कृत्रिम निर्मिती मुख्यतः तिथे होते. भारतात टियर-२ दोन आहेत. अ‍ॅलिस प्रयोगासाठी कोलकात्याचं व्हीईसीसी हे संशोधनकेंद्र आणि सीएमएससाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे कुलाब्याची टीआयएफआर.

एक यंत्र अनेकांनी वाटून वापरायची रीत टीआयएफआरला नवी नव्हती. १९६० मध्ये तिथे टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला आणि देशभरच्या संस्थांचं गणित तिथे होऊ लागलं. त्या काळी काम पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांतून यायचं. सीएमएसच्या बांधणीतही संस्थेचा हात आहे, बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या कामात. ज्यांनी यंत्राचा एक भाग घडवला, त्यांच्याकडे त्याच्या नोंदींचाही एक भाग राहावा, हे मला फार रास्त वाटतं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कौतुक सर्व्हरच्या रांगांचं आहे. माझ्या मते खरं कौतुक वहीचं आहे, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या यादीचं. सीएमएसच्या फाइलचं नाव वाचून पाहावं. ते ‘स्टोअर’ या शब्दानं सुरू होतं. मग ती खऱ्या टकरींची की संगणकानं रचलेल्या, कुठल्या वर्षातल्या कुठल्या टप्प्याची, कुठल्या संचातली, कुठल्या प्रतीची आणि कितव्यांदा प्रक्रिया केलेली. शेवटी अंक-अक्षरांची लांबलचक ओळख, जी दुसऱ्या फाइलला मिळणार नाही. एवढ्या मोठ्या नावात कुठल्याही शहराचं नाव नाही. तीच फाइल आज मुंबईत, उद्या नेब्रास्कात, परवा दोन्हीकडे असू शकते. विश्लेषण करणारा फक्त नाव सांगतो. ती कुठल्या केंद्राच्या कुठल्या डिस्कवर आहे, हे वही सांगते आणि बहुतेक वेळा काम फाइलकडे पाठवलं जातं. काही टेराबाइटचा संच हलवण्यापेक्षा काही किलोबाइटचा प्रोग्रॅम हलवणं केव्हाही स्वस्त.

२०२० पासून सीएमएसची ही वही रुसिओ नावाची प्रणाली सांभाळते. ती मुळात अ‍ॅटलास या सर्नच्याच दुसऱ्या प्रयोगासाठी लिहिली गेली. तिच्यात हुकूम द्यायचे नसतात, नियम लिहायचे असतात: या संचाच्या दोन प्रती हव्यात, एक टेपवर, एक अमुक केंद्रात, अमुक दिवसांपर्यंत. नियम जिवंत आहे तोवर प्रत राहते, मुदत संपली की ती जागा मोकळी करता येते. एकच संच दहा जणांना हवा असेल तर दहा नियम लागतात, पण प्रत एकच पुरते.

वही आणि डिस्क यांच्यात फरक पडतोच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: सातबारावर क्षेत्र एक आणि बांधावर मोजणी केली की निघतं दुसरं. डिस्कवर अशा फाइली सापडतात ज्यांची वहीत नोंदच नाही. त्यांना ‘डार्क डेटा’ म्हणतात आणि त्या फुकट जागा अडवून बसतात. उलटही होतं: वहीत नोंद आहे, डिस्कवर काहीच नाही. तिकडे पाठवलेला जॉब मग आपटतो. म्हणून ठरावीक काळानं डिस्कवरच्या साऱ्या नावांची यादी काढून ती वहीशी ताडून पाहावी लागते. प्रत्येक फाइलची तिच्या मजकुरावरून काढलेली बेरीज-खूणही (चेकसम) असते, आठ अंक-अक्षरांची. प्रत पोचल्यावर ती पुन्हा काढतात, आणि एक अक्षर जरी वेगळं आलं तरी प्रत बाद. हे काम दिसत नाही, त्याचा शोधनिबंध होत नाही. तरी ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली तेव्हा तिच्यामागे अशा मोजण्यांची वर्षं होती.

विश्वासाचीही व्यवस्था लावावी लागते. मुंबईतल्या संशोधकाचा जॉब एस्टोनियातल्या यंत्रावर चालतो. तिथे त्याला कोणी ओळखत नाही. वर्षानुवर्षं ही ओळख डिजिटल प्रमाणपत्रानं पटवली गेली. भारतातल्यांना ते बंगळूरच्या सी-डॅककडून मिळायचं. प्रमाणपत्र सांगायचं हा माणूस कोण, आणि सीएमएसची सदस्ययादी सांगायची त्याला काय करता येईल. केंद्रंही शब्द देतात. दरवर्षी किती संगणनशक्ती आणि किती डिस्क देणार, हे आधी लिहून द्यायचं, आणि टियर-२ नं सरासरी ९५ टक्के वेळ उपलब्ध राहायचं. केंद्र उभं आहे की पडलं, हे चाचणी-जॉब अहोरात्र तपासत असतात. हा हिशेब पूर्वी साऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडणारी ग्रिडव्ह्यू ही प्रणाली घडवण्यात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींचा मोठा वाटा होता. टीआयएफआरचं केंद्र सर्वांना ठाऊक असतं, ग्रिडव्ह्यूचं नाव मात्र मराठी वाचकानं क्वचितच ऐकलं असेल. ते ऐकलं जायला हवं.

जागा कितीही वाढवली तरी पुरत नाही, तेव्हा फाइलच आटवावी लागते. विश्लेषणाच्या जुन्या, एओडी नावाच्या प्रतीत एका घटनेला काहीशे किलोबाइट लागत. पुढे मिनी-एओडी आली, तिला शंभरहून बरेच कमी किलोबाइट पुरतात. त्यानंतरच्या नॅनो-एओडीला एक-दोनच. काय टाकायचं याचे वाद शेकडो भौतिकशास्त्रज्ञांत झाले असणार, कारण जे गाळलं ते हवं असलं तर मागच्या मोठ्या फाइलीकडे जावं लागतं. पण या आटवणीमुळे ही माहिती मोठ्या केंद्रांबाहेरही सहज वापरता येऊ लागली.

सर्ननं नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या नोंदी सर्वांना खुल्या करायला सुरुवात केली. सीएमएसनं २०१२ मधल्या म्यूऑन या कणांच्या जोड्यांचा एक संच नॅनो-एओडीच्या धर्तीवर प्रसिद्ध केला आहे. सुमारे दोन गिगाबाइटची एकच फाइल, तिच्यात ६ कोटींहून जास्त घटना. ती वाचायचं रूट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या कॉलेजातल्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र नको, सदस्यत्व नको. साधा लॅपटॉप आणि एकदा नीट चालणारं इंटरनेट पुरे. दोन विरुद्ध भारांचे म्यूऑन निवडायचे, त्यांच्या संवेगांवरून जोडीचं वस्तुमान काढायचं आणि आलेख मांडायचा. ३.१ जीईव्हीला जे-साय, ९.५ जवळ अप्सिलॉन, ९१ ला झेड बोसॉन असे उंचवटे डोळ्यांसमोर उभे राहतात. व्हर्निअर कॅलिपर आणि साध्या लंबकाच्या प्रयोगांशेजारी बीएस्सीच्या प्रयोगवहीत हाही एक असायला काहीच अडचण नाही. फाइल तिथे ठेवलेली आहे.