भुसभुशीत बर्फावर तरंगायचं कसं?

गुलमर्गला जाऊन आलेल्या अनेक मराठी पर्यटकांनी स्नोमोबाइलवरून एक फेरी मारलेली असते. तिथे ती दाबून घट्ट झालेल्या बर्फावरून धावते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रेव्हेलस्टोकच्या डोंगरांत, अशीच साधी गाडी घेऊन वाट सोडली तर थोड्याच अंतरात ती रुतून बसेल. तिथे रातोरात पडलेल्या कोरड्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. माणूस त्यात मांडीपर्यंत, कधी कमरेपर्यंत जातो. अशा बर्फावरून अडीचशे-तीनशे किलोची गाडी स्वारासकट चढावर न्यायची, याचा तिथल्या हौशी चालकांना ध्यास असतो. त्यासाठी ते गाडीत जे फेरफार करतात, त्यांतला प्रत्येक दुसऱ्याशी बांधलेला आहे.

गाडी अडखळली की नवखा चालक अंगठ्याने थ्रॉटल आणखी दाबतो. गाडीखालचा रबरी पट्टा जागच्या जागी गरगरतो, खालचा बर्फ मागे फेकतो आणि गाडी स्वतःच खणलेल्या चरात उतरते. म्हणजे जास्त ताकदीने ती जास्त लवकर रुतते. आधी वजन पसरायला हवं. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचे जोसेफ-आर्मांड बोंबार्दिये याच प्रश्नाच्या मागे लागले होते. 1934च्या हिवाळ्यात बर्फामुळे दवाखाना गाठता आला नाही आणि त्यांचा लहानगा मुलगा गेला. बर्फावर चालणारी वाहनं ते आयुष्यभर घडवत राहिले. 1959 साली त्यांची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली.

वजन पसरवतो तो हाच रबरी पट्टा. वाटेवर चालणाऱ्या गाडीचा पट्टा साधारण 15 इंच रुंद आणि सगळा वेढा मोजला तर 121 इंच लांब असायचा. डोंगरी गाड्यांत ही लांबी 154, 163, अगदी 174 इंचांपर्यंत गेली. 121चा पट्टा काढून 163चा बसवला तर वेढ्यात 42 इंचांची भर पडते आणि त्यातली निम्मी, म्हणजे 21 इंच, खाली बर्फावर टेकते. रुंदीने गुणलं की 315 चौरस इंच जास्तीचा आधार मिळाला. दुसरी गोष्ट पट्ट्यावरच्या रबरी दात्यांची. घट्ट वाटेवर इंच-सव्वा इंचाचे दाते पुरतात. खोल बर्फात अडीच ते तीन इंचांचे लागतात, कारण तिथे पकड घ्यायला कठीण असं काही नसतंच. दात्याने बर्फाचा मोठा घास घेऊन तो मागे दाबायचा, आणि दबलेल्या बर्फाच्या आधारावर पुढे सरकायचं.

पण लांब पट्टा नुसता विकत आणून चढवता येत नाही. त्याच्यासाठी आतल्या सरकपट्ट्या लांब हव्यात, वरचं अॅल्युमिनियमचं कवच वाढवायला हवं, आणि उंच दाते कवचाच्या आतल्या बाजूला घासणार नाहीत एवढी जागा लागते. शिवाय जड पट्टा फिरवायला इंजिनाची ताकद खर्ची पडते. म्हणून पट्ट्यापाठोपाठ क्लचला हात लावावा लागतो, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा कसबाचा भाग हाच.

स्नोमोबाइलची गिअर-व्यवस्था आपल्या गिअरलेस स्कूटरसारखीच असते: दोन पुली, मध्ये बेल्ट, आणि वेग वाढला की पुढची पुली आवळणारी वजनं. आपला मेकॅनिक व्हेरिएटरमधले रोलर हलके-जड करून पिकअप बदलतो, तेच काम इथे फार बारकाईने करायचं असतं. टू-स्ट्रोक इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपासच देतं. क्लचमधली वजनं जड असली तर पुली लवकर आवळते, फेऱ्या पडतात आणि चढावर गाडी दम सोडते. हलकी असली तर इंजिन नुसतं किंचाळतं.

यात उंचीची भर पडते. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरते. खाली 160 अश्वशक्ती देणारं इंजिन तिथे 120च्या आसपास येतं, म्हणून वर जाताना क्लचमधली वजनं हलकी करावी लागतात. टर्बो बसवणारे कसबी गॅरेजवाले बरीच वर्षं हा तोटा भरून काढत होते. पुढे स्की-डू आणि पोलारिस या कंपन्यांनीच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक डोंगरी गाडी विकायला काढली. तरीही मी टर्बोला शेवटचा क्रमांक देईन. पट्टा आणि क्लच जुळलेले नसतील तर वाढीव ताकद चर खणण्यातच जाते.

स्कीही बदलतात. पाती रुंद घेतात, म्हणजे नाक वर राहतं. पण दोन स्कींमधलं अंतर मात्र 42 इंचांवरून 36च्या आसपास आणतात. अरुंद गाडी पटकन एका कुशीवर कलते, आणि उतारावर आडवं जायचं तर तिला डोंगराकडे कलतं ठेवावंच लागतं. मागच्या सस्पेन्शनमधला एक छोटा पट्टाही महत्त्वाचा. तो सैल केला तर गाडीचं नाक हलकं होऊन बर्फावर सहज चढतं, पण उभ्या चढावर गाडी मागे उलटण्याची भीती वाढते. आवळला तर स्की खाली राहतात आणि हँडल ऐकतं. हा फेरफार फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतो. पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने तो करून पाहावा.

हलका सायलेन्सर लावून चार-पाच किलो वाचवणारेही पुष्कळ आहेत. तो आवाज डोंगरातल्या माणसांना आणि जनावरांना सोसावा लागतो. मला तो सौदा पटत नाही.

मात्र अशी जुळवलेली गाडी एक धोका जवळ आणते. साधी गाडी पायथ्याशीच रुतते. ही थेट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर पोचते, आणि बहुतेक हिमस्खलनं याच उतारांवर होतात. मार्च 2010मध्ये रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलवाल्यांच्या मोठ्या जमावावर हिमस्खलन कोसळलं. दोघे दगावले, तीसएक जखमी झाले. म्हणून जाणते चालक उतारावर एका वेळी एकच गाडी सोडतात, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी थांबतात, आणि वर कुणी अडकला तरी दुसरा त्याच्यामागे चढत नाही. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तरच वाचण्याची शक्यता चांगली असते. ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सीव्हर नव्या पट्ट्याहून कमी पैशांत मिळतो. तो अंगावरच बांधायचा, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी पाठीवरच्या पिशवीत ठेवायची. गाडीवर नाही, कारण स्खलनात माणूस आणि गाडी वेगवेगळ्या ठिकाणी फेकले जातात.