औंध व मिरज येथील संगीतसभा

औंध व मिरज येथील संगीतसभा या सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांत दरवर्षी भरणाऱ्या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताच्या जुन्या सभा आहेत. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे शिवानंदस्वामींच्या पुण्यतिथीनिमित्त १९४० सालापासून आश्विन वद्य पंचमीस संगीत महोत्सव होतो. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे ख्वाजा शमना मीरासाहेब यांच्या दर्ग्यात उरुसाच्या काळात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ सभा भरते. दोन्ही ठिकाणी तिकीट आकारले जात नाही, श्रोते जमिनीवर बसतात आणि कलाकाराचे गाणे ही त्या स्थानापुढील सेवा समजली जाते. येथे गाणे ऐकण्याचा अनुभव नाट्यगृहातील अनुभवाहून वेगळा ठरतो, तो या तीन गोष्टींमुळे.

पार्श्वभूमी

या भागात ख्याल गायकी रुजवण्याचे मोठे श्रेय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना दिले जाते. ग्वाल्हेर घराण्याची विद्या त्यांनी महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पुढे १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पलुसकरांनी तिकीट लावून सार्वजनिक जलसे करण्याची पद्धत रूढ केली. दरबार आणि खाजगी बैठका यांच्या बाहेरचा श्रोता त्यामुळे गाण्यापर्यंत पोहोचला. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा (१८८१–१९६७) यांनी मात्र औंधास जी सभा सुरू केली, तिला तिकीट नव्हते. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी गाणे लोकांपर्यंत नेण्याचे दोन वेगळे मार्ग धरले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अंतुबुवा हे औंध संस्थानचे दरबार गायक होते. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी संग्रहालय आजही औंधास येणाऱ्यांचे आकर्षण आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय संपला. अशा आश्रयावर उभ्या राहिलेल्या अनेक उपक्रमांची अखेर त्या सुमारास झाली. औंधची सभा टिकली, कारण ती दरबारात भरत नव्हती. ती गुरूच्या पुण्यतिथीला बांधलेली होती. अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या काळात आणि त्यांच्यानंतरही शिष्यांनी व कुटुंबीयांनी ती चालू ठेवली.

मिरजेची सभा एका गायकाच्या मृत्यूनंतर सुरू झाली. कैराना येथे १८७२ साली जन्मलेले अब्दुल करीम खाँ उत्तरायुष्यात मिरजेत स्थायिक झाले होते. एका आजारातून बरे झाल्यापासून मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा जडली, असे सांगितले जाते. दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जात असता वाटेत सिंगपेरुमाळ कोइल या रेल्वेस्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आला. त्यांच्या शिष्यशाखेतील सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी, तसेच त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर या परंपरेतले गाणे पुढे साऱ्या देशाने ऐकले.

हजेरीची कल्पना

दोन्ही सभांच्या संदर्भात 'हजेरी लावणे' हा शब्दप्रयोग नेहमी येतो. गायक मानधनाची अपेक्षा न ठेवता येतो, स्वामींच्या किंवा पिराच्या स्थानापुढे गातो आणि परततो. आपली सेवा रुजू झाली, ही त्यामागील भावना असते. अशा सभेत श्रोत्याचे स्थान काहीसे निराळे होते. त्याने काही विकत घेतलेले नसते, त्यामुळे पसंत न पडल्यास तक्रार करण्याचा हक्कही त्याला उरत नाही. उलट, पुढच्या कलाकाराचे नाव ठाऊक नसले तरी बसून राहण्याची सवय त्याला लागते. साधारणतः तरुण कलाकार आधी आणि ज्येष्ठ नंतर असा क्रम असतो. ज्येष्ठांसाठी आलेल्या श्रोत्याच्या कानांवर त्यामुळे नवखे गाणेही पडते, आणि एखाद्या तरुण गायकाचे नाव जाणकारांमध्ये पसरू लागते ते बहुधा अशाच वेळी.

भारतात इतरत्रही या प्रकारच्या सभा आहेत. तमिळनाडूतील तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या पुण्यतिथीस कर्नाटक संगीतातील कलाकार एकत्र येऊन गातात. जालंधर येथील हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ सालापासून संतपुरुषाच्या पुण्यस्मरणाशी जोडलेले आहे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही गुरूच्या पुण्यतिथीतूनच उभा राहिला, परंतु त्याचा आकार, व्यवस्था आणि प्रवेशमूल्य यांमुळे तो आज वेगळ्या जातीचा सोहळा झाला आहे.

प्रहर आणि राग

हिंदुस्तानी संगीतात रागांना गानसमय नेमून दिलेला असतो. भैरव व तोडी सकाळचे, सारंगाचे प्रकार मध्यान्हीचे, भीमपलास व मुलतानी दुपारनंतरचे, मारवा व पूरिया संधिकालाचे, बागेश्री, दरबारी कानडा व मालकंस रात्रीचे आणि ललित व भटियार उत्तररात्री ते पहाटेचे मानले जातात. शहरातील बहुतेक कार्यक्रम सायंकाळी सहा ते दहा या वेळात होतात. परिणामी यमन, पूरिया धनाश्री, बिहाग हे राग पुन्हापुन्हा कानी पडतात, तर सकाळ-दुपारचे राग रसिकाला मुख्यतः ध्वनिमुद्रणातूनच भेटतात. एखादा माणूस वीस वर्षे गाणे ऐकत असला, तरी दुपारच्या उन्हात समोर बसून गौड सारंग त्याने कधीच ऐकलेला नसेल, अशी स्थिती असू शकते.

औंधच्या महोत्सवात सकाळ, दुपार-सायंकाळ आणि रात्र अशी सत्रे असल्यामुळे ही उणीव भरून निघते. श्रोता एका जागी बसतो आणि दिवस त्याच्यावरून पुढे सरकतो. सकाळचे कोवळे स्वर, दुपारचे शैथिल्य, दिवे लागताना येणारा तीव्र मध्यम, आणि जेवणानंतर संथपणे उलगडणारा रात्रीचा विलंबित ख्याल हा क्रम त्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. गानसमयाच्या नियमामागे काही भौतिक कारण आहे की तो निव्वळ संस्कार आहे, याविषयी संगीतशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. संस्कार मानला तरी तो घडण्यासाठी अशी जागा लागते, एवढे खरे.

आश्विन वद्य पंचमी ही तिथी कोजागरीनंतर पाचव्या दिवशी येते. अधिक मासाच्या योजनेमुळे ती बहुधा ऑक्टोबरमध्येच पडते. पाऊस ओसरलेला असतो आणि रात्री गारवा असतो. मिरजेचा उरूस हिजरी चांद्र वर्षाप्रमाणे येतो. ते वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे सभा हळूहळू सर्व ऋतूंमधून फिरते. एका पिढीतील श्रोत्याने ती कडक उन्हाळ्यातही ऐकलेली असते आणि थंडीतही.

श्रोत्यांची बैठक

नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारात आणि रंगमंच उजेडात असतो. भारतीय बैठकीला ही रचना मानवत नाही, कारण दाद ही देवाणघेवाण आहे. गायक समेवर आला की पुढच्या रांगेतील माने एकदम हलतात, एखादी 'क्या बात है' येते, आणि त्यावर गायक तीच जागा निराळ्या वळणाने पुन्हा घेऊन दाखवतो. तबल्याची तिहाई नेमकी समेवर पडली तर हात आपोआप मांडीवर येतो. टाळ्या बहुधा रचना संपल्यावर. जमिनीवर, गायकाच्या जवळ आणि त्याच्याच उजेडात बसलेल्या श्रोत्यांमुळे ही देवाणघेवाण शक्य होते.

बैठकीचे काही अलिखित संकेत आहेत. विलंबित ख्याल चालू असता उठून जाणे गैर समजले जाते. उठायचेच असेल तर दोन रचनांच्या मधल्या वेळेत उठावे. फर्माईश गायकाचा कल पाहून आणि शेवटाकडे करावी. भैरवी झाल्यावर दुसरी फर्माईश करू नये, कारण भैरवीने सभा संपते. भ्रमणध्वनीवर चित्रण करण्याची सवय अलीकडची आहे. उंचावलेल्या हातामुळे मागच्याला दिसत नाही ही अडचण त्यात आहेच, पण चित्रण करणाऱ्याच्या हातून दाद निसटते ही त्याहून मोठी.

औंधास येणाऱ्यांना साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाता येते. गाव लहान आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याहून आलेले रसिक, संगीताचे विद्यार्थी आणि गावकरी एकाच सतरंजीवर बसतात. मधल्या वेळेत यमाई देवीच्या डोंगरावर किंवा संग्रहालयात जाऊन येणारेही असतात. विद्यार्थ्यांना या सभेचा विशेष उपयोग होतो. ज्या गायकाला ते एरवी दूरच्या खुर्चीवरून ऐकतात, त्याचे तंबोरे जुळवणे, साथीदाराशी होणारे खुणांचे बोलणे, घसा न लागल्यास त्याने केलेली तडजोड हे सारे त्यांना जवळून पाहता येते.

मिरजेतील वातावरण

मिरजेच्या सभेस उरुसाची पार्श्वभूमी असते. दर्ग्याभोवती दुकाने लागलेली असतात, भाविकांची ये-जा चालू असते, गलेफ अर्पण करणाऱ्यांच्या मिरवणुका येतात. या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला परंपरेने मान आहे. शांत सभागृहाची सवय असलेल्या श्रोत्याला येथे प्रारंभी लक्ष एकाग्र करणे जड जाते. थोड्या वेळाने कान आपोआप निवड करू लागतात. अब्दुल करीम खाँ यांची गायकी सुरेल, मुलायम आणि आलापप्रधान होती. त्यांचे गाणे आज बहुसंख्यांना ठाऊक आहे ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. त्यांच्या परंपरेतील गायक त्यांच्या कबरीजवळ तासभर एकाच रागाचा विस्तार करतो, तेव्हा त्या तबकड्यांत काय मावले नव्हते, याची कल्पना येते.

मिरज हे तंतुवाद्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी येथे सतार-तंबोरे बनवण्यास प्रारंभ केला, असे मानले जाते. मूळचे शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर पुढे 'सतारमेकर' म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा गुंजारव ज्यामुळे होतो ती 'जवारी' म्हणजे घोडीचा पृष्ठभाग सूक्ष्म उतार देऊन घासण्याची कला होय. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून ती नेमक्या जागी 'उघडली' जाते. गाणे सुरू होण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे चालणारी ही जुळवाजुळव बाहेरच्या श्रोत्याला खोळंबा वाटते. ज्या गावात शेजारच्या गल्लीत तंबोरे घडतात, तेथे हा वेळ गाण्याचाच भाग आहे.

नाट्यगृहातील कार्यक्रम

दोन्ही जिल्ह्यांत बंदिस्त नाट्यगृहेही आहेत. सांगलीत मराठी नाटकाचे आद्य प्रवर्तक विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यमंदिर, मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचे नाट्यगृह आणि साताऱ्यात शाहू कला मंदिर येथे संगीत नाटके व गायनाचे कार्यक्रम होतात. आसनक्रमांक, ठरलेली वेळ, पावसापासून संरक्षण या त्यांच्या सोयी आहेत. वृद्ध श्रोत्यांना, विशेषतः गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मांडी घालून बसू न शकणाऱ्यांना, खुर्ची हा मोठाच दिलासा असतो. जमिनीवरील बैठकीचे कौतुक करताना ही बाजू बहुधा विसरली जाते.

ध्वनिक्षेपकाचा नियम आणि रात्रीची सभा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना यातून सूट आहे. राज्य शासनास सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे नियम उचलून धरले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढल्यापासून वैद्यकीय उपचारांचे केंद्र बनलेल्या मिरजेत या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नियमाचा हेतू योग्य आहे. रुग्णाच्या झोपेपेक्षा मालकंस मोठा नाही. तथापि त्याचा परिणाम सर्वांत अधिक झाला तो रात्रभर चालणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या बैठकींवर, जरी गोंगाटाबद्दलच्या तक्रारी मुख्यतः मिरवणुका व भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांविषयी होत्या. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही रात्रभराची जुनी पद्धत सोडावी लागली. उघड्या मांडवात मध्यरात्रीनंतरचे राग आता नियमानुसार ध्वनिक्षेपकावाचूनच गाता येतात. पहाटेचा ललित ऐकवायचा तर सभा बंद सभागृहात न्यावी, सकाळी ६ वाजता नव्याने सुरू करावी, किंवा पन्नास-साठ श्रोत्यांपुढे यंत्राविना गावे, असे तीन मार्ग उरतात. त्यांपैकी तिसरा अब्दुल करीम खाँ यांच्या काळात सर्वत्र रूढ होता. चिंचेखाली बसणाऱ्यांना त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाविना ऐकू जात असे, आणि जो मागे राहिला तो पुढे सरकून बसे.