मातीची खूण आणि सुईची खूण

चैत्र जवळ आला, शाळू-हरभऱ्याची मळणी उरकली, की आमच्या कोल्हापूर भागात गावोगावच्या जत्रांचे वेध लागतात. पहिल्या दिवशी पालखी आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान. हलगी कडाडू लागली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही घरात बसवत नाही. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी मैदान सुरू होते आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाच्या कुस्तीने संपते. या दोन टोकांच्या मधे जी पोरे लढतात, त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. ती कुणाच्या पगारावर नसतात. शेतात राबून, म्हशी धुऊन, उरलेल्या वेळात ती कुस्ती करतात. त्यांना हौशी पैलवान म्हणतात. आमचा पुतण्या त्यांपैकीच एक. गेले वर्षभर त्याच्या शरीराने आम्हा घरच्यांना बरेच काही शिकवले. ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहाटेची मेहनत

पहाटे चारला तो उठतो. गोठ्यातले शेण काढून, धार काढून साडेचारला तालमीत हजर. आधी फावड्याने हौदातली माती उकरायची आणि सारखी करायची. ही तांबडी माती नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवलेला असतो. माती उकरण्यातच खांदे आणि कंबर तापतात. मग जोर, बैठका, दोर चढणे आणि शेवटी जोडीदाराबरोबर लढती. वस्ताद कडेला उभे राहून एकच डाव पन्नास वेळा करून घेतात. एकेरी पट काढायला दोन क्षण लागतात, पण तो अंगात मुरायला दोन वर्षे लागतात, असे ते म्हणतात.

घरी आल्यावर बदाम, खसखस, बडीशेप, मिरे वाटून केलेली थंडाई. दूध घरचेच. नंतर उसाला पाणी, वैरण, दुपारी दोन तास झोप आणि संध्याकाळी पुन्हा तालीम. एका पैलवानाचा खुराक म्हणजे घरात एक जादा दुभते जनावर, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना पाठ असतो. आमच्या वहिनींनी त्यासाठी डेअरीला घालायचे दूध कमी केले, पण कधी बोलून दाखवले नाही.

हे वेड आजचे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शेतकऱ्याच्या घरातूनच आले. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैशाची अडचण होती, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तिथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. ते परतले तेव्हा त्यांची मिरवणूक बैलगाड्यांतून निघाली. सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आमच्या तालमीतले कुठलेही पोर ही दोन नावे आपल्या आजोबांच्या नावासारखी सांगते.

गुडघा गेला

गेल्या वर्षीच्या जत्रेत पुतण्याची कुस्ती चांगली रंगली होती. समोरच्याने पट काढला, याने अंग चोरून फिरायचे केले, पण पाय मातीत रुतून राहिला आणि अंग तेवढे फिरले. 'कट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मी धावत गेलो.

"तात्या, गुडघा गेला," एवढेच तो बोलला.

तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला. भोवती माणसे जमली. एकजण म्हणाला, ऊन तेल आणा. दुसऱ्याने शेजारच्या गावच्या हाडवैद्याचे नाव घेतले. तिसऱ्याने पाय ओढून बसवायची तयारीच केली. तेवढ्यात वस्ताद पुढे आले.

"हात लावू नका कुणी. चोळायचं न्हाई, वढायचं न्हाई. बर्फ आणा."

गारीगारवाल्याच्या पेटीतला बर्फ पंचात गुंडाळून लावला. वस्तादांचे हे शहाणपण आम्हाला पुढे डॉक्टरांनीही समजावून सांगितले. मुका मार लागून सांधा सुजला, तर पहिले दोन दिवस तिथे शेक, तेल, चोळणे वर्ज्य. कारण आत रक्तस्राव चालू असतो आणि ऊब मिळाली की तो वाढतो. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, थेट कातडीवर ठेवू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, सैलसर पट्टी बांधावी आणि त्या पायावर भार देऊ नये. तास-दोन तासांत भरभर सूज आली, किंवा आवाज होऊन पाय लटका वाटू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये.

तपासणीत कळले, की मांडीचे आणि नडगीचे हाड धरून ठेवणारा गुडघ्याच्या आतला बंध तुटला आहे. त्याला लिगामेंट म्हणतात. जुवाची जोती तुटली तर बैल आपल्या जागी राहत नाही, तसे या हाडांचे होते. सरळ चालता येते, पण वळताना गुडघा दगा देतो. हा बंध पूर्ण तुटला, की आपोआप सांधत नाही. ज्याला पुन्हा मैदानात उतरायचे आहे, त्याला बहुधा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. सूज उतरल्यावर महिन्याभराने ती झाली.

खरा कस पुढे लागला. डॉक्टरांनी सांगितले, नऊ महिने तरी कुस्ती नाही. नवा बसवलेला बंध वरून बरा दिसला, तरी आत मुरायला वेळ घेतो. पोर तीन महिन्यांत चालू-फिरू लागले आणि लोक विचारू लागले, "आता काय झालंय तुला? उतर की हौदात!" या बोलण्याने जेवढे गुडघे पुन्हा मोडले असतील, तेवढे डावाने मोडले नसतील. लावण केलेल्या उसाला दुसऱ्याच महिन्यात कोयता लावत नाहीत, एवढे आपल्याला कळते. मग पोराच्या गुडघ्याबद्दल एवढी घाई कशाला?

या काळात घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, मांडीचा व्यायाम. पाय वापरात नसला की मांडी बघता बघता बारीक होते आणि मांडी गेली तर गुडघ्याचा आधार गेला. सांगितलेला व्यायाम रोज झालाच पाहिजे. दुसरी, खुराक. दूध, डाळ, अंडी चालू ठेवावीत, पण मेहनतीच्या दिवसांचे तूप-बदाम तसेच चालू ठेवले तर नुसती चरबी चढते. तिसरी सर्वांत महत्त्वाची, मन. पहाटे चारला जाग येते, पण कुठे जायचे नसते. पोर चिडचिड करते, कोपऱ्यात बसते, नाही ती संगत जवळ करते. आमच्या वस्तादांनी यावर चांगला तोडगा काढला. त्याला रोज तालमीत बोलावून कट्ट्यावर बसवले आणि लहान पोरांच्या बैठका मोजायला लावल्या.

सुईची ओढ

याच रिकाम्या दिवसांत त्याच्या मनात गोंदण शिरले. हल्ली पोरे टॅटू म्हणतात. तालमीला मारुतीचे गोंदण नवे नाही. जुन्या पैलवानांच्या दंडावर गदाधारी मारुती असायचाच. पण आता तालुक्याच्या गावी यंत्राने गोंदणारी दुकाने झाली आहेत. याला छातीवर मारुती काढायचा होता. त्याच्या जिवलग मित्राला मानेवर वाघाचे तोंड हवे होते.

ही गोष्ट आमच्या आईच्या कानावर गेली. तिच्या दोन्ही हातांवर तुळस आणि ठिपके आहेत, कपाळावर आणि हनुवटीवरही गोंदण आहे. मेल्यावर सोने-नाणे सगळे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे जुन्या बायका मानतात. तिने नातवाला जवळ बसवले.

"हे गोंदलं तवा मी धा वर्साची हुते. रडले लई. पर गोंदायचं का न्हाई, आन कुठं गोंदायचं, ह्ये मला कुणी इचारलंच न्हाई. तुला इचारायला तू हाईस. मग नीट इचारून घे सोताला."

आईचे बोलणे ऐकून पोर थांबले. मित्र थांबला नाही.

हा मित्र दोन वर्षे पहाटे सडकेवर धावत होता. सोळाशे मीटर धावण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. सैन्यभरतीला गेला, धावण्यात पुढे आला, पण तपासणीत मानेवरचा वाघ दिसला आणि तिथेच त्याला परत पाठवले. घरी आल्यावर दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. त्याच्या आईने मला विचारले, "भाऊजी, एवढ्याशा चित्रानं माझ्या लेकराची दोन वर्सं वाया गेली व्हय?" मला उत्तर देता आले नाही.

नियम असा आहे, की सैन्यभरतीत कायमचे गोंदण दोनच जागी चालते. एक म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि दुसरी म्हणजे पंजाची मागची बाजू. अन्यत्र असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. आदिवासी समाजांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय पोलीस दलांत तर डाव्या हाताचाच विचार होतो, कारण उजवा हात सलामीचा, आणि आकारालाही मर्यादा आहे. ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारे पोर आहे, त्यांनी सुईला हात लावू देण्यापूर्वी त्या वेळची जाहिरात शब्दन् शब्द वाचून घ्यावी. लेसरने गोंदण काढता येते, पण त्याला अनेक खेपा आणि बराच पैसा लागतो. तरी डाग पूर्ण जाईलच याची हमी नाही.

गोंदण म्हणजे जखमच

दुसरी बाजू आरोग्याची. गोंदण टिकते, कारण शाई कातडीच्या वरच्या थराखाली टोचलेली असते. म्हणजे शेकडो बारीक जखमाच. जत्रेत एकाच सुईने, एकाच वाटीतल्या शाईने दहा जणांना गोंदले, तर एकाच्या रक्तातली कावीळ किंवा एड्सचे विषाणू दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. म्हणून गोंदायचेच असेल तर सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढलेली असावी, शाई दर माणसाला वेगळी घ्यावी, गोंदणाऱ्याच्या हातात नवे मोजे असावेत. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पैलवानाने तर जास्तच जपले पाहिजे. वरची कातडी भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस हौदात उतरू नये. हळद-लिंबू घातले म्हणून माती जंतुविरहित होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेले असावे. जखम लाल होऊन पू आला, ताप आला, तर शेणराख किंवा चुना न लावता दवाखाना गाठावा. नायटा-गजकर्ण तालमीत एकमेकांच्या पंचाने आणि लंगोटाने पसरते, तेव्हा ज्याचे त्याने वापरावे.

न गोंदवलेली खूण

जुन्या पैलवानाला गर्दीत ओळखायचे, तर त्याच्या कानाकडे बघतात. घासून, दाबून कानाच्या पाळीत रक्त साकळते. कूर्चेला पोषण मिळेनासे होते आणि कान कायमचा गाठाळ होतो. याला कान फुटणे म्हणतात. कान सुजल्यावर लगेच डॉक्टरांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली, तर तो वाचतो. पण पुष्कळ पोरे मुद्दामच जात नाहीत. त्यांना ती खूण हवी असते. पुतण्याचाही डावा कान फुटलेला आहे आणि आता गुडघ्यावर टाक्यांची खूण आहे. या खुणा त्याने मागून घेतल्या नाहीत, मेहनतीच्या वाटेवर त्या आल्या.

आम्ही त्याला गोंदण कधीच करू नकोस असे म्हटलेले नाही. त्याने आपणच ठरवले आहे, की एक वर्ष जाऊ द्यायचे. तरीही मन तेच म्हणाले, तर मनगटाच्या आत लहानशी गदा काढायची. हे ऐकून आई हसली आणि म्हणाली, "आता इचार केलास."

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात दोन्ही मांड्यांची ताकद मोजली, एका पायावर उड्या मारून घेतल्या आणि हळूहळू लढती सुरू करायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी तो हौदात उतरला, माती कपाळाला लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याचा मित्रही आता संध्याकाळी तालमीत येतो. लहान पोरांना धावायला घेऊन जातो आणि त्यांची मनगटे-माना तपासून दम भरतो.

पंधरा दिवसांवर आमची जत्रा आली आहे. यंदा पुतण्या इनामाची कुस्ती घेणार नाही. वस्तादांनी त्याच्यासाठी नारळावरची एकच हलकी कुस्ती धरली आहे. जिंको वा हरो, घरची सगळी माणसे बघायला जाणार आहोत. वहिनींनी तर डेअरीला घालायच्या दुधातून पुन्हा अर्धा लिटर कमी केले आहे.