कानाचे सोयरे : हार्म, चार्म आणि हार्मनी

हार्म, चार्म आणि हार्मनी हे तीन इंग्रजी शब्द एकापाठोपाठ उच्चारले म्हणजे हीं एकाच घरचीं भावंडें असावींत असें कानाला वाटतें. वर्गांत अशी शंका काढणारा विद्यार्थी मला नेहमींच आवडत असे. परंतु शब्दाचें कूळ कानानें ठरवावयाचें नसतें. त्याचीं जुनीं रूपें व जुने अर्थ पाहून ठरवावयाचें असतें. तसें पाहतां या तिघांचीं गोत्रें अगदीं निराळीं निघतात.

हार्म हा अस्सल जर्मानिक शब्द. आज त्याचा अर्थ इजा किंवा नुकसान. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत 'हेआर्म' असें त्याचें रूप होतें, आणि इजेबरोबरच दुःख व शोक हेही अर्थ त्यांत होते. जर्मन भाषेंतील 'हार्म' म्हणजे मनाची व्यथाच. आज जो शब्द बहुधा शरीराला व मालमत्तेला लागतो, तो एके काळीं अंतःकरणालाही लागत असे. आपल्याकडे फारसींतून आलेल्या 'शरम' शब्दाशीं कांहीं पंडितांनीं त्याचें नातें जोडलें आहे. पण अवेस्तांत त्या शब्दाच्या आरंभीं 'फ' आहे, म्हणून ही सोयरीक मला कच्ची वाटते.

चार्मची कथा अधिक रम्य आहे. लॅटिन भाषेंत 'कानेरे' म्हणजे गाणें, आणि त्यापासून झालेलें 'कार्मेन' म्हणजे गीत, पद्य, तसाच मंत्र. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यांत, म्हणजे इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमारास, दुसऱ्याच्या वाइटासाठीं असें कार्मेन म्हणणें हा गुन्हा ठरविलेला होता. हाच शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून १३०० च्या सुमारास इंग्रजींत शिरला, तो 'मंत्र' हा अर्थ घेऊनच. मोहकपणा हा सौम्य अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. आपल्या 'मोहिनी'चेंही असेंच झालें नाहीं काय? मांत्रिक घाली ती मोहिनी आतां गवयाचा गळाही घालतो.

जुना अर्थ ठाऊक नसला तर जुनीं पुस्तकें वाचतांना फसगत होते. देवलांनीं 'झुंझारराव' या नांवानें मराठींत आणलेलें शेक्सपिअरचें 'ऑथेल्लो' घ्या. त्यांत ऑथेल्लो सांगतो कीं, आपल्या आईला तो रुमाल एका इजिप्शियन 'चार्मर'नें दिला. येथें 'मोहक स्त्री' असा अर्थ केला कीं सारा प्रसंगच फुकट! ती चेटूक जाणणारी बाई आहे. म्हणूनच रुमाल हरवल्याची त्याला एवढी धास्ती.

या कुळांत एक गंमत आहे. लॅटिनच्या 'क'च्या जागीं जर्मानिक भाषांत 'ह' येतो. त्या नियमानें 'कानेरे'चें नातें जुन्या इंग्रजींतील 'हाना' म्हणजे कोंबडा या शब्दाशीं जुळतें. पहाटे गातो तो हाना, आणि त्याच घरची आजची 'हेन'. कोंबडी ही चार्मची सख्खी चुलत बहीण. हार्म मात्र कोणीच नव्हे! पक्ष्यांच्या किलबिलीला मिल्टननें 'चार्म' म्हटलें आहे, त्यांत गोंगाट या अर्थाच्या एका निराळ्याच जुन्या इंग्रजी शब्दाची सरमिसळ झालेली आहे.

आतां हार्मनी. ग्रीक 'हार्मोस' म्हणजे सांधा, त्यावरून 'हार्मोनिया'. हा शब्द मुळांत गवयाचा नव्हे, सुताराचा आहे. होमरच्या 'ओडिसी'त नायक तराफा बांधतो तेव्हां लांकडें जोडणारे सांधे ते हार्मोनिया. आणि 'इलियड'मध्यें हेक्टर अकिलीजपुढें जो करार मांडूं पाहतो तोही हार्मोनियाच. आपला 'संधि' शब्द अगदीं असाच आहे : हाडांचा संधि, वर्णांचा संधि आणि राजांचाही संधि. पुढें वीणेच्या तारांची जुळणी हा अर्थ आला. अनेक स्वर एकदम वाजविणें ही कल्पना त्यांत फार उशीरा आली. 'जोडणें' या अर्थाच्या ज्या मूळ धातूपासून हा शब्द निघाला, त्याच्याच घरचे रथचक्रांतले आपले 'अर' आणि वेदांतलें 'अरम्', ज्याचें पुढें 'अलम्' होऊन 'अलंकार' झाला.

अलंकारावरून आठवलें. ग्रीक पुराणांत हार्मोनिया नांवाची एक देवकन्या आहे. कॅडमसशीं तिचा विवाह झाला तेव्हां तिला एक कंठा मिळाला, आणि तो ज्याच्या ज्याच्या हातीं गेला त्याचा घात झाला. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजींत साखळींत अडकविण्याच्या लहानशा दागिन्यालाही चार्म म्हणूं लागले; तेव्हां हार्मोनियेच्या कंठ्यांत तिन्ही शब्द एकत्र ओंवतां येतील. अर्थात् हा माझा खेळ, व्युत्पत्ति नव्हे.

याच हार्मनीवरून फ्रान्समध्यें एका वाद्याला हार्मोनियम हें नांव पडलें. आपल्या रागांना लागणारी मींड व सूक्ष्म श्रुति त्याच्या ठाम पट्ट्यांतून निघत नाहींत, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें त्याला दाराबाहेर ठेवलें. ज्याच्या नांवांतच जुळणी आहे, तें वाद्य आमच्या गळ्याशीं जुळत नाहीं असा तो निवाडा होता. १९७१ सालीं ही बंदी सैल झाली. परंतु घरोघरच्या भजनांत पेटी त्या तीसएक वर्षांतही वाजतच होती.