ब्रसेल्सहून: दार उघडलं, पण पाहुणे कुठे?

ब्रसेल्स: इथे प्रॉक्सिमसच्या नंबरावरून ऑरेंजच्या नंबरावर फोन लावताना समोरच्याची कंपनी कोणती, हे कुणी पाहत नाही. मग व्हॉट्सॲपवरच्या माणसाला मेसेज करायला आपणही व्हॉट्सॲपच का घ्यायचं? युरोपीय संघाने या प्रश्नाचा थेट कायदाच केला. डिजिटल मार्केट्स ॲक्टचं सातवं कलम सांगतं की बड्या मेसेजिंग सेवांनी, कुणी मागणी केल्यास, परक्या ॲपचे मेसेज आत घेतलेच पाहिजेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये मेटाचं व्हॉट्सॲप आणि मेसेंजर अशा बड्या सेवांच्या यादीत आले. ॲपलचं आयमेसेज मात्र चौकशीनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलं. नियम मोडला तर जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड, त्यामुळे मेटाने टाळाटाळ फार केली नाही.

खरी गोम एन्क्रिप्शनची. दार उघडा, पण कुलूप आहे तेवढंच भक्कम ठेवा, असंही हाच कायदा बजावतो. मेटा म्हणते, येणाऱ्याने सिग्नल प्रोटोकॉल वापरावा, नाहीतर आपली पद्धत तितकीच सुरक्षित आहे हे दाखवून द्यावं. गंमत अशी की हा प्रोटोकॉल ज्यांनी घडवला, ते सिग्नलवालेच यायला तयार नाहीत. स्वित्झर्लंडच्या थ्रीमा या मेसेजिंग ॲपनेही नकार दिला. त्यांची शंका मला रास्त वाटते. मजकूर कुलुपात राहिला तरी कोण, कुणाशी, कधी बोललं याची नोंद पलीकडच्या सर्व्हरला दिसतेच, आणि ती नोंद शक्य तितकी कमी ठेवणं हाच तर या मंडळींचा धंदा!

मग आलं कोण? नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने दोन नावं जाहीर केली: बर्डीचॅट आणि हायकेट. माझ्या इथल्या ओळखीपाळखीत ती कुणी ऐकलेली नव्हती. सोय आपणहून सुरू होत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. परके मेसेज नेहमीच्या यादीत हवेत की वेगळ्या कप्प्यात, हे तिथेच ठरवायचं. मजकूर, फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज आणि फाइली जातात. स्टिकर आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज नाहीत. आमच्या गप्पांचा निम्मा भार स्टिकरांवर असल्याने ही उणीव लहान नाही.

यादीत आल्यापासून कायद्याने ग्रुपसाठी दोन वर्षं दिली होती, कॉलसाठी चार. म्हणजे कॉलची मुदत २०२७ मध्ये संपेल. पुण्यामुंबईच्या वाचकांना मात्र यातलं काही मिळणार नाही. ही सोय युरोपपुरतीच आहे. इथल्या मराठी माणसाने उद्या बर्डीचॅट घेतलंच, तरी पुण्याच्या आत्याशी बोलायला त्याला व्हॉट्सॲप ठेवावंच लागेल.