खोडदची रात्रपाळी

रात्री ११.३०
जानेवारी. नारायणगावजवळचं खोडद. फाटकावर फोन बंद करायला सांगतात. 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीच्या कंट्रोल रूममध्ये एक ऑपरेटर दुसऱ्याच्या हाती वही देतो. अँटेना ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ इथे मधोमध, बाकीच्या तीन दिशांना, काही तर सुमारे १४ किलोमीटर लांब, लोकांच्या शेतांच्या शेजारी. वहीत नोंद: पश्चिमेची एक वळत नाही.

१२.४५
जीप निघते. दोन तंत्रज्ञ, पान्ह्यांची पेटी, मल्टीमीटर, बॅटरी, दोन काठ्या. काठ्या बिबट्यासाठी, जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेनं रात्री कुणी मोकळ्या हातानं जात नाही. एका रानात मोटर चालू आहे. रात्रीची लाइट आली की शेतकरीही जागाच असतो.
अँटेनाच्या बुंध्याशी दोघं खाली बसतात. एक बॅटरी धरतो, दुसरा एकेक जोड तपासत जातो. मोटरच्या केबलचं टोक सैल निघतं. घासून साफ करायचं, आवळायचं. गार लोखंडानं बोटं बधिर होतात.
"दादा, फिरवा आता," इंटरकॉमवर निरोप जातो.
वरची तबकडी वळू लागते. ती पत्र्याची नाही, स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला आजही थोर वाटते.

२.००
कंट्रोल रूममध्ये पुण्याहून आलेली संशोधक विद्यार्थिनी. फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये. दुर्बिणीच्या वेळेचे पैसे पडत नाहीत; अर्ज करायचा, समितीला पटला तर तास मिळतात.
लक्ष्य ३सी २८६. हा क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. त्याच्या रेडिओ लहरी इकडे येताना वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेतून जातात. तिथला हायड्रोजन २१ सेंटिमीटरची लहर शोषतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे सहा अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून खोडदला पोचेपर्यंत ती ३६ सेंटिमीटरची झालेली असते. वारंवारता ८३९ मेगाहर्ट्‌झ. १९७३ साली ब्राउन आणि रॉबर्ट्‌स यांनी अमेरिकेत या शोषणाची रेषा पहिल्यांदा टिपली. ओळखीच्या रेषेवर मांडणी तपासायची, मग अंधुक, अनोळखी क्वेसारांकडे वळायचं, असा विद्यार्थिनीचा बेत.

३.४५
चहा. दहा रुपये.

४.३०
पडद्यावर आलेखात एक बारीक खाच. ती खुर्ची पुढे ओढते.
"आली का, मॅडम?"
"आली. किती अरुंद आहे बघा. म्हणजे वायू थंड आहे."
अशाच थंड वायूतून पुढे तारे घडतात. त्या दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत जेमतेम येतो, पण तिच्या वायूचा पत्ता ही खाच देते.
मग शेजारी एक उंच सुळका उभा राहतो. कुणाचा तरी मोबाइल. ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्‌झमध्ये आपले फोन टॉवरशी बोलतात, आणि ही रेषा नेमकी त्यातच पडते. तेवढा डेटा टाकून द्यावा लागतो.

७.००
क्वेसार जवळजवळ डोक्यावर. उजाडलंय, रेडिओ दुर्बिणीला त्याचं काही नाही. काम चालू.

८.१५
ऑपरेटर वहीत लिहितो: ३० चालू. ती डेटा उतरवून घेते आणि नारायणगावची जीप पकडते.
२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथे सगळ्यांसाठी प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर या. फोन मात्र फाटकाच्या अलीकडेच बंद करा.