पन्नास रुपयांचे मत

मत हा द्रव्याचा हक्क की मनुष्याचा, हा प्रश्न मुंबईस नवा नाही. 1872 च्या कायद्याने शहरास 64 सभासदांची म्युनिसिपालिटी मिळाली. परंतु लोकांनी निवडावयाचे ते निम्मेच, आणि ‘लोक’ म्हणजे वर्षास निदान 50 रुपये कर भरणारे! गिरगावच्या पेढीवाल्यास मत मिळाले. परळ-लालबागच्या गिरणीकामगारास नाही. 1896 ची प्लेगाची साथ मात्र कराची पावती पाहून चाळीत शिरली नाही.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानातही मत जमिनीशी बांधलेले होते. 1842 साली तेथील लोकांनी स्वतंत्र निवडणूक करून थॉमस डॉर यास गव्हर्नर निवडले. सरकारपक्षाने त्यास जन्मठेप ठोठावली. परंतु मताधिकार वाढविणे त्यासही भाग पडले.

मुंबईच्या म्युनिसिपालिटीस प्रौढ मतदान लाभले ते 1948 साली, म्हणजे 76 वर्षांनी. इतक्या सायासाने मिळालेली ही सभा मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकीवाचून राहिली; कारभार प्रशासकाने हाकिला. कर चुकला नाही, जाब विचारणारा प्रतिनिधी मात्र उरला नाही. 1872 साली निदान निम्मे सभासद तरी लोकनियुक्त होते!

दुकानाचा हिशेब तीन वर्षे न पाहता मुनिमावर सोडील, असा व्यापारी आमच्या पाहण्यात नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, अशी राज्यघटनेची आज्ञा आहे. ती पाळावयास लावणे, हे आता प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य होय, असे आम्ही समजतो.